दोन लाइन, दोन कंपन्या, तरी बाजार बंद: फेलओव्हर नेमका कुठे फसतो?

२४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, महिन्याची एक्स्पायरी होती, म्हणजे वायदे बाजारात व्यवहार मिटवायची घाई. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवरचे, म्हणजे एनएसईवरचे व्यवहार थांबले. बीएसई चालू होतं. एनएसईवर ज्यांचे सौदे अर्धवट अडकले होते त्यांना पुढे काय होणार हेच कळत नव्हतं. बाजार नेहमी साडेतीनला बंद होतो, त्या दिवशी तो पावणेचारला पुन्हा सुरू झाला आणि पाचपर्यंत चालला. वेळ वाढवल्याची घोषणा मात्र इतक्या उशिरा आली, की तोवर बऱ्याच ब्रोकरांनी ग्राहकांचे इंट्राडे सौदे बीएसईवर, मिळेल त्या भावात बंद करून टाकले होते.

तुमची पेट किंवा नेटची तयारी चालू असेल आणि ‘विश्वासार्हता’, ‘फॉल्ट टॉलरन्स’, ‘डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम’ यातलं काही विषय म्हणून घ्यायचं डोक्यात असेल, तर पाठ्यपुस्तकाआधी ही घटना नीट वाचा. एनएसईकडे काय नव्हतं? बीकेसीत मुख्य डेटा सेंटर, मुंबईतच जवळ दुसरं केंद्र, आणि चेन्नईला तिसरं, म्हणजे खरंखुरं आपत्कालीन केंद्र. पहिल्या दोन केंद्रांमध्ये एकाहून जास्त टेलिकॉम लाइन, त्याही दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या. आपल्या पुस्तकात ‘रिडंडन्सी’ या धड्याखाली जी आकृती असते, तीच जवळजवळ. तरी चार तास बाजार बंद.

काहून बंद पडला असेल? आधी गणित बघू, कारण फसगत गणितातच सुरू होते.

एक सर्व्हर ९९ टक्के वेळ चालू असतो असं धरा. म्हणजे वर्षातून साधारण साडेतीन दिवस बंद. आता तसाच दुसरा शेजारी ठेवला. दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता ०.०१ गुणिले ०.०१, म्हणजे ०.०००१. उपलब्धता ९९.९९ टक्के, वर्षातून जेमतेम ५३ मिनिटं बंद. एक जादा सर्व्हर घेतला आणि साडेतीन दिवसांचे ५३ मिनिटं झाले. खरेदीच्या फाइलला हे गणित जोडलं की मंजुरीही पटकन मिळते.

यातला गुणाकाराचा जो फुली आहे ना, तो तुम्ही कधी तपासलाय? दोन शक्यतांचा गुणाकार तेव्हाच करता येतो, जेव्हा दोन घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतात. बारावीत शिकतो, एमएस्सीत परत शिकतो आणि सर्व्हर बसवताना विसरतो. दोन सर्व्हर एकाच एसीच्या हवेवर असतील, एकाच यूपीएसवर असतील, दोघांवर तेच सॉफ्टवेअर त्याच रात्री अपडेट झालं असेल, तर ते स्वतंत्र नाहीत. मी एका ठिकाणी दोन पॉवर सप्लाय असलेला चांगला महाग सर्व्हर पाहिला. दोन्ही वायरी एकाच एक्स्टेन्शन बोर्डात लावलेल्या. बोर्डाची किंमत असेल तीनशे रुपये. एका मे महिन्यात तो बोर्ड वितळला, त्यानंतर त्या सर्व्हरचे दोन पॉवर सप्लाय म्हणजे एकच होता हे सगळ्यांना कळलं.

या सामाईक कारणांना गणितात बसवायची एक साधी पद्धत आहे. १९७० च्या दशकात अणुभट्ट्यांच्या सुरक्षेच्या अभ्यासातून ती पुढे आली, तिला बीटा फॅक्टर म्हणतात. एकूण बिघाडांपैकी काही हिस्सा असा धरायचा, की तो आला तर दोन्ही यंत्रं सोबतच जातात. समजा हा हिस्सा फक्त १० टक्के. मग १ टक्का बंद वेळेपैकी ०.१ टक्का वेळ दोन्ही एकदमच बंद. उरलेल्या ०.९ टक्क्याचा गुणाकार करा, तो येतो ०.००००८१. दोन्हींची बेरीज साधारण ०.००१०८. वर्षाला साडेनऊ तास. म्हणजे ५३ मिनिटांचे थेट साडेनऊ तास झाले, आणि तेही फक्त १० टक्के सामाईक धरून. यातून आणखी एक दिसतं: आता तिसरा, चौथा सर्व्हर घेतला तरी आकडा फारसा हलत नाही, कारण तो ०.००१ तिथेच बसून राहतो. पैसे सर्व्हरवर नाही, त्या १० टक्क्यांवर खर्च व्हायला पाहिजेत.

एनएसईच्या बाबतीत तो सामाईक भाग कुठे होता? एक्स्चेंजने नंतर जे स्पष्टीकरण दिलं त्यात दोन केंद्रांमधल्या रस्त्यावर चाललेलं खोदकाम आणि बांधकाम हे लाइन अस्थिर होण्याचं कारण सांगितलं. कंपन्या दोन, बिलं दोन, करार दोन. पण दोघांच्या केबलला शेवटी जमिनीतूनच जायचं असतं, आणि जेसीबी चालवणाऱ्याला खाली कोणत्या कंपनीची केबल आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं. नागपुरात राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडे सिमेंट रोडसाठी एखादा रस्ता उखडला, की त्या गल्लीतलं कोणत्याही कंपनीचं इंटरनेट असो, सगळे शेजारी एकदमच गच्चीवर येऊन मोबाइलची रेंज शोधतात.

म्हणून कोणी ‘आमच्याकडे दोन आयएसपी आहेत’ म्हटलं की पुढचा प्रश्न हा: दोघांच्या केबलचा रस्ता नकाशावर दाखवता का? इमारतीत दोघे एकाच डक्टमधून शिरतात का? एका आयएसपीने दुसऱ्याकडूनच फायबर भाड्याने घेतलेलं तर नाही ना?

आता जरा मागे जाऊ, चार महिने. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि ठाण्याच्या मोठ्या भागातली वीज गेली. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत, आपल्या नागपूरचेच, त्यांनी त्याच दिवशी कारण सांगितलं होतं: महापारेषणच्या ४०० केव्ही कळवा-पडघा केंद्रात सर्किट एकचं देखभालीचं काम चालू होतं, सगळा भार सर्किट दोनवर होता, आणि सर्किट दोनमध्येच बिघाड झाला. ग्रिड कोसळलं तर मुंबईने स्वतःला बाकी जाळ्यापासून तोडून आपल्या वीजकेंद्रांवर चालत राहायचं, ही आयलंडिंगची व्यवस्था कितीतरी वर्षांपासून होती. त्या दिवशी तीही टिकली नाही.

ही सर्व्हरची घटना नाही, पण आपल्या विषयाचा पहिला धडा इथेच आहे. लागतात तितकी यंत्रं अधिक एक, याला एन अधिक एक म्हणतात. पण त्या ‘अधिक एक’चा वापर बिघाडासाठी कमी आणि देखभालीसाठी जास्त होतो. ज्या दिवशी एक यंत्र दुरुस्तीला काढलं, त्या दिवशी तुमच्याकडे फक्त एन आहे. कागदावर मात्र वर्षभर एन अधिक एकच लिहिलेलं असतं. डेटा सेंटरच्या टिअरची जी भाषा आहे तिच्यात टिअर तीन आणि टिअर चार यांच्यातला फरक हाच: तीनमध्ये कोणताही भाग चालू कामात दुरुस्तीला काढता येतो, चारमध्ये त्यापुढे जाऊन अचानक एखादा बिघाड आला तरी काम थांबत नाही. जाहिरातीत दोन्ही सारखेच वाटतात.

गंमत म्हणजे १२ ऑक्टोबरला अख्खी मुंबई अंधारात असताना दोन्ही शेअर बाजार नेहमीसारखे चालू होते. जनरेटर, यूपीएस, सगळं आपापल्या जागी उभं राहिलं. मग ज्या एनएसईला शहरभराची वीज गेल्याने काही झालं नाही, त्याला रस्त्यातल्या खड्ड्याने का पाडलं? माझं मत असं, की वीज जाणं हा स्वच्छ बिघाड आहे. गेली म्हणजे गेली. यंत्राला कळतं, माणसाला कळतं, सराव केलेला असतो. (तरी तिथेही सगळे सुटत नाहीत. २१ नोव्हेंबर २०२०ला एचडीएफसी बँकेच्या मुख्य डेटा सेंटरमध्ये वीज गेली आणि इंटरनेट बँकिंग व पेमेंट बंद पडलं. त्याआधीच्या दोन वर्षांतलेही असे प्रकार मोजून डिसेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने बँकेला नवीन डिजिटल योजना आणि नवीन क्रेडिट कार्डं थांबवायला सांगितलं. कार्डांवरची बंदी ऑगस्ट २०२१मध्ये उठली, बाकीची मार्च २०२२मध्ये.) अस्थिर लाइन हा मात्र मळका बिघाड. ती गेलेली नाही, आहेही नाही.

मुख्य केंद्र का थांबलं?

हा भाग हळू वाचा, कारण सगळा जीव इथे आहे.

लाइन तुटली तर काय व्हायला पाहिजे होतं? जवळच्या केंद्राकडे डेटाची प्रत जाणं थांबायला हवं होतं, बस. मुख्य केंद्र तर ठणठणीत होतं, व्यवहार तिथेच चालत होते. पण एनएसईच्या खुलाशानुसार लाइनच्या अस्थिरतेमुळे मुख्य केंद्रातली स्टोरेज व्यवस्था, म्हणजे सॅन, सर्व्हरना मिळेनाशी झाली. तिच्यावर अवलंबून असलेली क्लिअरिंगची जोखीम मोजणारी प्रणाली बसली. सौदे जुळवणारी यंत्रणा चालू होती, पण कोणाच्या खात्यात किती जोखीम साचली आहे हे दिसत नसताना बाजार चालवणं शक्य नव्हतं, म्हणून तो बंद केला.

पुन्हा वाचा. राखीव केंद्राकडे जाणारी लाइन बिघडली म्हणून मुख्य केंद्र बसलं. ज्या वस्तूसाठी एवढा खर्च केला, तिनेच घात केला. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो हा.

असं का होऊ शकतं, हे समजायला आधी जवळचं केंद्र लागतंच का ते पाहू. चेन्नई असताना मुंबईतच दुसरं का? कारण प्रकाश हळू आहे. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. त्याच्या कडेने सरळ फायबर टाकलं तर एका बाजूने साडेतीन मिलिसेकंद, जाऊन-येऊन सात. यात राउटर, स्विच काही धरलेलं नाही, हा फक्त भौतिकशास्त्राचा टोल. आता ‘एकही नोंद हरवता कामा नये’ अशी अट असेल तर प्रत्येक नोंद दुसऱ्या केंद्रात लिहिली गेल्याची पोच आल्यावरच ‘झालं’ म्हणता येतं. याला सिंक्रोनस रेप्लिकेशन म्हणतात. एकामागून एक होणाऱ्या नोंदींमध्ये प्रत्येकीला सात मिलिसेकंद थांबायचं, तर सेकंदाला जास्तीत जास्त १४०च्या आसपास नोंदी. शेअर बाजाराला हे परवडत नाही. म्हणून काही किलोमीटरवर एक केंद्र ठेवायचं, तिथे सिंक्रोनस प्रत. आणि लांबच्या शहरात असिंक्रोनस, म्हणजे थोडी मागे राहणारी प्रत. लांबची प्रत भूकंप-पुरासाठी, जवळची प्रत एकही नोंद न गमावण्यासाठी.

आणि सिंक्रोनस म्हटलं की एक प्रश्न टाळता येत नाही: पोच आलीच नाही तर? मुख्य केंद्राने थांबायचं, की प्रत न करता पुढे जायचं? थांबलं तर सेवा बंद. पुढे गेलं तर ‘एकही नोंद हरवणार नाही’ हे वचन मोडलं. कॅप प्रमेय तुम्ही पाठ केलं असेल. प्रत्यक्षात ते परीक्षेत नाही, एखाद्या स्टोरेजच्या सेटिंगमध्ये भेटतं, आणि ते सेटिंग कंपनीचा माणूस बसवताना करून गेलेला असतो.

दोन प्रसिद्ध डेटाबेस याचं उत्तर वेगवेगळं देतात, हे मला फार आवडतं. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये एकच सिंक्रोनस स्टँडबाय नेमला आणि तो गायब झाला, तर मुख्य सर्व्हरवरचे कमिट थांबून राहतात, कोणी येऊन सेटिंग बदलेपर्यंत. मायएसक्यूएलच्या सेमी-सिंक पद्धतीत मुख्य सर्व्हर ठरावीक वेळ वाट पाहतो, मूळ सेटिंग दहा सेकंदांचं, आणि मग असिंक्रोनस होऊन पुढे निघतो. दुसरा सर्व्हर परत येऊन बरोबरीला आला की पुन्हा सेमी-सिंक.

दुसरं शहाणपणाचं वाटतं ना? आता त्याला मळकी लाइन द्या. समजा लाइन अर्धा मिनिट चालते, अर्धा मिनिट जाते. लाइन गेली की दहा सेकंद सगळे कमिट अडकतात, मग सर्व्हर पुढे जातो. लाइन आली की पुन्हा सेमी-सिंक. परत गेली, परत दहा सेकंद. दर मिनिटाला दहा सेकंद, म्हणजे चार तासांत चाळीस मिनिटं अडकलेली. हीच लाइन जर जेसीबीने साफ तोडली असती, तर नुकसान किती? एकदाच दहा सेकंद. (प्रत्यक्षात पुन्हा जोडणी व्हायलाही वेळ लागतो, त्यामुळे आकडे असेच येणार नाहीत, पण दिशा हीच.) पूर्ण मेलेली लाइन स्वस्त, अर्धी जिवंत लाइन महाग. २०१७मध्ये मायक्रोसॉफ्टमधल्या संशोधकांनी या प्रकाराला ‘ग्रे फेल्युअर’ असं नाव देऊन एक छोटा निबंध लिहिला. त्यांचं मुख्य म्हणणं असं, की अशा बिघाडात पाहणाऱ्यांचं एकमत नसतं: देखरेख करणारी प्रणाली म्हणते सगळं ठीक, वापरणारा म्हणतो काहीच चालत नाही. पाच-सहा पानांचा आहे, एका बैठकीत होतो, नक्की वाचा.

मेला की झोपला?

फेलओव्हर म्हणजे मुख्य गेला की राखीव ताबा घेतो. पण ‘गेला’ हे राखीवला कळतं कसं? दोघांमध्ये दर थोड्या वेळाने ‘मी आहे’ असा निरोप फिरतो, त्याला हार्टबीट म्हणतात. काही निरोप चुकले की समजायचं, समोरचा गेला. पण निरोप न येण्याची कारणं तीन: समोरचा मेला, समोरचा फार व्यग्र आहे, किंवा मधली वाट बंद आहे. बाहेरून तिन्ही अगदी सारखीच दिसतात.

वाट बंद असेल आणि राखीवने ताबा घेतला, तर दोन मुख्य झाले. दोघेही नोंदी घेताहेत, दोघांनाही वाटतंय खरा मीच. याला स्प्लिट ब्रेन म्हणतात, आणि बंद पडण्यापेक्षा हा प्रकार कितीतरी वाईट, कारण बंद पडलेलं सुरू करता येतं, पण दोन वेगळे झालेले हिशेब जुळवताना आठवडे जातात. म्हणून ताबा घेण्याआधी जुन्याला खात्रीने बंद करायचं, त्याची वीजच तोडायची, अशी पद्धत आहे. तिचं इंग्रजी नाव ‘शूट द अदर नोड इन द हेड’, आणि हो, हे अधिकृत नाव आहे.

दुसरा उपाय बहुमताचा. दोन यंत्रांत बहुमत होत नाही, म्हणून तिसरा साक्षीदार ठेवायचा. तो डेटा ठेवत नाही, फक्त मत देतो. मुंबई आणि चेन्नईची जोडी असेल तर साक्षीदार नागपूरला ठेवता येईल, मत द्यायला सात मिलिसेकंद लागले तर काही बिघडत नाही. अट एकच: मुंबईहून नागपूरला येणारी वाट मुंबई-चेन्नईच्या वाटेपासून वेगळी हवी, नाहीतर साक्षीदार त्याच्यासोबतच गायब होणार. २०१४चा राफ्टवरचा शोधनिबंध वाचलात तर हे बहुमताचं राजकारण छान उलगडतं. त्यात नवीन नेता निवडायला किती थांबायचं याचे आकडे १५० ते ३०० मिलिसेकंद असे आहेत. लक्षात घ्या, ते लॅबच्या शेजारी-शेजारी यंत्रांचे आहेत. हेच आकडे दोन शहरांमध्ये उचलून वापरले, तर लाइन जरा अडखळली की निवडणूक लागेल.

गणितात याचंही एक नाव आहे, कव्हरेज. बिघाड आला असता तो ओळखून ताबा नीट हलवला जाण्याची शक्यता. १९६९पासून ही कल्पना साहित्यात आहे. वरच्याच उदाहरणात कव्हरेज १०० ऐवजी ९० टक्के धरा: पुन्हा बंद वेळ ०.००१च्या घरात. म्हणजे बदली करणारी कळ दहात एकदा चुकली, तर दुसरा सर्व्हर घेऊन मिळालेला बहुतेक फायदा गेला.

आणि कळ कोण दाबतं?

मोठ्या केंद्रांत पूर्ण शहर बदलायचं म्हटलं की शेवटी माणूस ठरवतो. तो का अडखळतो हे समजून घ्या. लांबची प्रत थोडी मागे आहे. तिकडे गेलो तर मधल्या काही नोंदी गेल्या. इकडे थांबलो तर कदाचित वीस मिनिटांत लाइन सुरू होईल. टेलिकॉमवाला फोनवर म्हणतोय, ‘बस, होऊनच राहिलं’. प्रत्येक वीस मिनिटांनी तो हेच म्हणतो. अशा वेळी वाट पाहणं हा निर्णय वाटतच नाही, पण तोच निर्णय असतो.

सेबीने २२ मार्च २०२१च्या परिपत्रकात नेमकं याच जागी बोट ठेवलं. महत्त्वाची प्रणाली अडखळली तर ३० मिनिटांत ‘आपत्ती’ जाहीर करायची, आणि जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत, गरज पडल्यास राखीव केंद्रातून, काम पूर्ववत करायचं. गमावता येणारा डेटा जास्तीत जास्त १५ मिनिटांचा. यातले ४५ आणि १५ हे नेहमीचे आकडे, आरटीओ आणि आरपीओ म्हणून कोणत्याही पुस्तकात सापडतील. खरी गोष्ट आहे ती ३० ची. संकोचालाही घड्याळ लावलं. पुढे २०२३मध्ये एनएसई आणि तिच्या क्लिअरिंग कंपनीने मिळून ७२ कोटींहून जास्त रक्कम भरून हे प्रकरण सेबीसोबत तडजोडीने मिटवलं.

मग २ मार्च २०२४, शनिवार. सुट्टीच्या दिवशी एनएसई आणि बीएसई दोघांनी बाजार उघडला. सव्वानऊ ते दहा मुख्य केंद्रातून, आणि साडेअकरा ते साडेबारा राखीव केंद्रातून, खऱ्या पैशांचे खरे सौदे. १८ मेला पुन्हा तसंच. मला हे पाऊल मोठं वाटतं, कारण राखीव केंद्र खऱ्या भाराखाली चालतं हे खऱ्या भाराखालीच कळतं. पण संशोधक म्हणून एक शंका मनात ठेवा: हे आधी ठरवलेलं स्थलांतर होतं, मध्ये दीड तासाची मोकळीक होती, दोन्ही केंद्रं निरोगी होती. म्हणजे ‘हलता येतं’ हे सिद्ध झालं. अर्धवट बिघडलेल्या केंद्रातून, चालू बाजारात, हलायचं की नाही हे ठरवता येतं का, ते अशा सरावातून दिसत नाही. तो सराव कसा रचायचा, यावर कोणी चांगलं काम करेल तर मला वाचायला आवडेल.

वाचायचं कुठून, असं बरेच जण विचारता. जिम ग्रे यांचा १९८५चा ‘व्हाय डू कॉम्प्युटर्स स्टॉप’ हा टँडम कंपनीतला अहवाल आधी घ्या. टँडमची यंत्रं बिघाड सोसण्यासाठीच बनवलेली होती. त्यांत बिघाडांचा सगळ्यात मोठा वाटा, ४२ टक्के, यंत्रं सांभाळणाऱ्या माणसांच्या कामातून आलेला, त्यानंतर सॉफ्टवेअर २५ टक्के, हार्डवेअर फक्त १८. हार्डवेअर दुप्पट केलं की उरलेलं असं वर येतं. मग २०१४चा टोरोंटोतल्या गटाचा अभ्यास: कॅसँड्रा, एचबेससारख्या पाच प्रणालींमधले १९८ बिघाड तपासले, त्यातल्या पूर्ण प्रणाली पाडणाऱ्यांपैकी ९२ टक्के बिघाडांत चूक आधीच लक्षात आलेली होती, पण ती हाताळणारा कोडच चुकीचा होता. म्हणजे वाचवायला लिहिलेल्या कोडनेच बुडवलं, पुन्हा तीच गोष्ट. आणि शिकागोच्या हर्यादी गुनावी यांचा २०१६चा अभ्यास, ३२ सेवांमधल्या ५९७ बंद पडण्याच्या घटनांवर, बहुतेक बातम्या आणि कंपन्यांचे जाहीर खुलासे वाचून केलेला. हा मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे मोठं क्लस्टर नाही म्हणून या विषयात काम होत नाही असं अनेकांना वाटतं. जाहीर खुलासे वाचायला क्लस्टर लागत नाही. भारतातल्या बँका, रेल्वे आरक्षण, परीक्षांचे पोर्टल यांच्यावर असा नेटका अभ्यास मला तरी अजून हाताला लागलेला नाही.

हाताने करून बघायचं असेल तर एका लॅपटॉपवर दोन व्हर्च्युअल मशीन पुरतात. दोन्हीवर पोस्टग्रेसक्यूएल टाका, एक मुख्य, एक सिंक्रोनस स्टँडबाय. मुख्यवर सेकंदाला शंभर नोंदी लिहिणारी छोटी स्क्रिप्ट चालू ठेवा आणि प्रत्येक कमिटला लागलेला वेळ फाइलमध्ये उतरवा. पहिल्यांदा स्टँडबाय सरळ बंद करा आणि काय होतं ते पाहा. मग सगळं पूर्ववत करून लिनक्समधल्या नेटएमने मधल्या लाइनवर आधी ५, मग २०, मग ४० टक्के पॅकेट गळती लावा. स्टँडबाय चालूच असेल, देखरेखीत हिरवा दिवा असेल. फक्त कमिटच्या वेळांचा आलेख काढा, सरासरीचा नाही, सगळ्यात वाईट एक टक्क्याचा. तो आलेख घेऊन गाईडकडे जा. मग तेच सेमी-सिंक मायएसक्यूएलवर करा, दहा सेकंदांची मर्यादा एक सेकंदावर आणा, लाइन दर अर्ध्या मिनिटाला जाऊ-येऊ द्या, आणि वरचं चाळीस मिनिटांचं माझं गणित किती चुकतं ते मला कळवा.